एकमेव प्रत पुसली जाऊ नये : माथेरानच्या अभिलेखांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी व सर्व सन्माननीय सदस्य,
माथेरान गिरिस्थान नगरपरिषद,
तालुका कर्जत, जिल्हा रायगड.

विषय : अभिलेखांच्या संगणकीय प्रतींची जपणूक व स्थलांतर, आणि त्यासाठी ‘गिट-अ‍ॅनेक्स’ या साधनाचा अवलंब.

महोदय / महोदया,

कागदाचे स्कॅन करून ते संगणकात साठवले म्हणजे तो कागद कायमचा वाचला, अशी समजूत आज बहुतेक कार्यालयांमध्ये रूढ झाली आहे. वस्तुतः संगणकातील फाइल कागदापेक्षाही सहज नष्ट होते, आणि बहुतेक वेळा तिच्या नाशाची कोणतीही खूण मागे उरत नसल्याने तो नाश वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून या पत्रातील आग्रह एकच आहे : कोणत्याही अभिलेखाची प्रत एका जागेवरून पुसण्यापूर्वी त्याच्या पुरेशा प्रती इतर ठिकाणी शाबूत आहेत याची प्रत्यक्ष पडताळणी झालीच पाहिजे, आणि ही पडताळणी एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर न सोडता वापरात असलेल्या साधनाच्या रचनेतच बांधलेली असली पाहिजे.

हा आग्रह माथेरानपुढे मांडण्याचे कारण या गावाच्या इतिहासात आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे मे १८५० मध्ये या डोंगरावर चढून आले आणि त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात येथे वस्तीची आखणी झाली. त्यामुळे गावाचे आरंभीचे कागद ठाण्याच्या आणि मुंबईच्या दप्तरांत निर्माण झाले. १८८२ च्या सरकारी गॅझेटिअरमध्ये माथेरानचे सविस्तर वर्णन सापडते ते ठाणे जिल्ह्याच्या खंडात; पुढे १८९१ मध्ये कर्जत तालुका ठाण्यातून कुलाबा जिल्ह्याकडे गेला आणि १९८१ मध्ये त्याच कुलाब्याचे नाव रायगड झाले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली नेरळ–माथेरान ही दोन फुटी रुळांची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, आणि आज ती मध्य रेल्वेच्या ताब्यात असल्याने तिची कागदपत्रे आणखी निराळ्या यंत्रणेकडे आहेत. अशा रीतीने एकाच गावाचा लेखी इतिहास ठाणे, अलिबाग, मुंबईचे राज्य पुराभिलेखागार, रेल्वे, वन विभाग, माथेरानचे अधीक्षक कार्यालय आणि स्वतः नगरपरिषद यांच्यात विखुरलेला आहे, आणि तो कधी काळी एकत्र वाचता यावा असे वाटत असेल तर त्याच्या प्रती एका भांडारातून दुसऱ्या भांडारात नेण्याची सुरक्षित पद्धत आधी ठरवावी लागेल.

हा इतिहास केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय नाही. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व त्याभोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केल्यापासून येथील प्रत्येक बांधकामाच्या बाबतीत अमुक इमारत तेव्हा होती की नव्हती, असल्यास तिचा आकार किती होता आणि तिला कोणी परवानगी दिली होती, हे प्रश्न उपस्थित होतात, व त्यांची उत्तरे जुने नकाशे, भाडेपट्टे आणि कर-आकारणीच्या नोंदवह्या यांतूनच द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि खऱ्या हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला, तेव्हाही खरा चालक कोण हे ठरवण्याच्या प्रश्नात परवान्यांच्या नोंदींचे महत्त्व उघड झाले. ज्याच्याकडे भांडवल नाही, वशिला नाही, त्या श्रमिकाचा हक्क अनेकदा नोंदवहीतील एका ओळीवर उभा असतो. ती ओळ हरवली तर तिची झळ प्रथम त्यालाच बसते. माथेरानचेच सुपुत्र, नगरपालिकेच्या कारभारातून पुढे आलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्यासारख्या व्यक्तींच्या सार्वजनिक कार्याचा अभ्यासही अशाच सभावृत्तांतांच्या आणि ठरावांच्या आधाराने होत असतो.

महाराष्ट्राला अभिलेखांच्या नाशाचा अनुभव नवा नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांची दप्तरे जळाली. ज्या नस्त्यांच्या प्रती जिल्हा किंवा विभागीय कार्यालयांत होत्या त्या पुन्हा उभ्या करणे शक्य होते, परंतु ज्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती त्यांना तो मार्ग उरला नव्हता. माथेरानच्या बाबतीत आगीपेक्षाही पाऊस हा मोठा शत्रू आहे : जून ते सप्टेंबर या काळात डोंगरमाथा ढगात बुडालेला असतो, कागदाला बुरशी धरते आणि ओलाव्याने यंत्रेही बिघडतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नेरळहून येणारा रेल्वेमार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि तो पूर्ववत होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. २०१९ च्या पावसाळ्यातील हानीनंतर नेरळपासूनची सेवा २०२२ च्या ऑक्टोबरातच पुन्हा सुरू होऊ शकली. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या जीवितहानीपुढे कागदाचा विचार गौण आहे, तरीही वाचलेल्यांना पुन्हा उभे राहण्यासाठी ओळखीचे, जमिनीचे आणि वारसाचे दाखले लागतात, आणि अशा दाखल्यांची प्रत डोंगराच्या एकाच कुशीत असू नये, हा धडा त्यातून घेतलाच पाहिजे.

तथापि संगणकीय अभिलेखांचा सर्वांत मोठा घात आपत्तीत नव्हे, तर नित्याच्या कामात होतो. डिस्क भरत आली म्हणून कर्मचारी जुन्या फाइली बाहेरच्या डिस्कवर ‘कट’ करून ‘पेस्ट’ करतो; मध्येच वीज जाते किंवा तार निसटते; काही फाइली अर्धवट पोचतात, काही पोचत नाहीत, आणि मूळ जागा रिकामी झाल्यावर कोणत्या फाइली पोचल्या याची यादी कोणाकडेच उरत नाही. पुढे त्या कर्मचाऱ्याची बदली होते, डिस्क कपाटात जाते, कपाटाची किल्ली बदलते, आणि काही वर्षांनी माहितीच्या अधिकारात अर्ज आला की ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर द्यावे लागते. येथे कोणाचाही हेतू वाईट नसतो. दोष असतो तो फाइल हलवणे आणि फाइल पुसणे या दोन क्रिया पडताळणीशिवाय एकत्र जोडणाऱ्या पद्धतीत.

हा दोष दूर करण्यासाठी जी साधने जगभर वापरली जातात त्यांत ‘गिट-अ‍ॅनेक्स’ हे विशेष विचारार्ह आहे. ‘गिट’ ही लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या प्रणालीच्या विकासासाठी तयार केलेली आवृत्ती-नियंत्रण व्यवस्था होय, म्हणजे फाइलींमध्ये कोणी, केव्हा, कोणता बदल केला याचा अखंड इतिहास राखणारी व्यवस्था. आणि अशा इतिहासासह जपलेल्या फाइलींच्या संचाला ‘रिपॉझिटरी’ अथवा भांडार म्हणतात. गिट मुळात छोट्या मजकूर-फाइलींसाठी घडवलेले असल्याने मोठमोठी स्कॅन, छायाचित्रे वा ध्वनिमुद्रणे त्यात घातली की प्रत्येक भांडारात प्रत्येक फाइलीची प्रत्येक आवृत्ती साठत जाते आणि भांडार अवजड होते. ही अडचण ओळखून जोई हेस या आज्ञावलीकाराने २०१० मध्ये गिट-अ‍ॅनेक्सची रचना केली. हे मुक्त परवान्याखालील साधन असल्याने त्यासाठी शुल्क पडत नाही. आणि ते ‘कमांड लाइन’वरून, म्हणजे चित्रांवर टिचकी न मारता लिखित आज्ञा टंकून चालवले जाते. मेंदूविज्ञानासारख्या क्षेत्रांतील विशाल माहितीसंच हाताळणारी ‘डेटालॅड’ ही प्रणाली त्याच्याच पायावर उभी आहे.

त्याची मूळ कल्पना ग्रंथालयाच्या उदाहरणाने चांगली समजते. एखाद्या ग्रंथालयाच्या अनेक शाखा असतील आणि प्रत्येक शाखेत संपूर्ण संग्रहाची तालिका ठेवलेली असेल, तर प्रत्यक्ष ग्रंथ कोणत्याही शाखेत असला तरी वाचकाला तो अस्तित्वात आहे हे आणि तो कोठे आहे हे कळते. गिट-अ‍ॅनेक्समध्ये गिट ही तालिका सांभाळते, तर फाइलींतील आशय, म्हणजे त्यांतील प्रत्यक्ष माहिती, ज्या भांडारात ठेवला असेल तेथेच राहतो. प्रत्येक फाइलीच्या आशयावरून ‘एसएचए-२५६’ या गणिती पद्धतीने एक मुद्रांक काढला जातो. आशयातील एक बिंदू जरी बदलला तरी हा मुद्रांक पूर्णपणे बदलत असल्यामुळे फाइल शाबूत आहे की नाही हे तो पुन्हा काढून केव्हाही ताडता येते. कोणत्या मुद्रांकाचा आशय कोणकोणत्या भांडारांत आहे याची नोंदही गिटमध्येच राहते आणि भांडारे एकमेकांशी जुळवून घेतली की सर्वत्र पसरते. त्यामुळे ‘व्हेअर-इज’ ही आज्ञा दिली असता एखाद्या नकाशाच्या प्रती कार्यालयात, वाचनालयात की अलिबागला आहेत, हे तत्काळ समोर येते.

स्थलांतराची क्रिया या साधनात ‘मूव्ह’ या आज्ञेने होते, आणि या पत्राच्या विषयाचे मर्म तिच्या क्रमातच आहे. ही आज्ञा आधी आशयाची प्रत दुसऱ्या भांडाराकडे पाठवते. तेथे पोचलेला आशय मुद्रांकाशी ताडला जातो. तो जुळला तरच पोचल्याची नोंद होते. आणि त्यानंतरच मूळ जागेवरील आशय काढला जातो. मध्येच वीज गेली तर मूळ प्रत जेथल्या तेथे राहते आणि तीच आज्ञा पुन्हा देऊन उरलेले काम पुढे नेता येते. ज्या ठिकाणी फाइल पाठवायची तेथे ती आधीच असेल तर मूळ प्रत काढल्याने एकूण प्रतींची संख्या घटणार असते, म्हणून अशा वेळी साधन आधी ठरवून दिलेल्या किमान संख्येचा विचार करते आणि तिचा भंग होत असेल तर नकार देते. मूळ प्रतही कायम ठेवायची असल्यास ‘कॉपी’, दुसरीकडून आशय आणायचा असल्यास ‘गेट’ आणि केवळ एका जागेवरील आशय काढायचा असल्यास ‘ड्रॉप’ अशा निराळ्या आज्ञा आहेत.

‘ड्रॉप’ची रीत तर सार्वजनिक अभिलेखांच्या दृष्टीने अनुकरणीय आहे. नोंदवहीत ‘प्रत अलिबागला आहे’ असे लिहिलेले असणे सर्वसाधारणपणे तिला पुरेसे वाटत नाही. ती त्या भांडाराशी प्रत्यक्ष संपर्क साधून प्रत तेथे असल्याची खात्री करते, आणि दोन ठिकाणची माणसे एकाच क्षणी एकमेकांच्या भरवशावर आपापली प्रत पुसू नयेत म्हणून ती प्रत तेवढ्यापुरती राखूनही ठेवते. ती डिस्क जोडलेली नसेल किंवा ते भांडार आवाक्यात नसेल, तर साधन आशय पुसण्यास नकार देते. हा नकार घाईत असलेल्या कर्मचाऱ्याला त्रासदायक वाटेल. पण पुसलेला अभिलेख परत आणण्याचा मार्ग बहुधा नसतो, हे ध्यानात घेतले तर याच नकारासाठी हे साधन स्वीकारावे, असे म्हणावे लागते.

किमान प्रती किती असाव्यात हे ‘नम-कॉपीज’ या निर्देशाने ठरवता येते आणि तो निरनिराळ्या फोल्डरांसाठी निरनिराळा ठेवता येतो. महाराष्ट्रातील कार्यालयांना अभिलेखांचे वर्गीकरण परिचयाचे आहे : ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग तीस वर्षांचा, ‘क-१’ दहा वर्षांचा, ‘क’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एक वर्षाचा. हीच शिस्त संगणकात जशीच्या तशी उतरवता येते : ‘अ’ वर्गाच्या फोल्डरासाठी किमान चार प्रती, ‘ब’साठी तीन आणि उरलेल्यांसाठी दोन असे एकदा लिहून ठेवले की कोणत्याही कर्मचाऱ्याला, तो नवा असो वा जुना, नित्याच्या आज्ञांनी ती मर्यादा चुकून ओलांडता येत नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ अभिलेखांची सूची व निर्देशांक तयार करून ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर टाकते. प्रत्येक प्रतीचा ठावठिकाणा सांगणारी तालिका ही त्या जबाबदारीचीच पूर्तता होय.

माथेरानच्या भूगोलाशीही हे साधन विशेष जुळते. गावात मोटारगाड्यांना बंदी आहे, वाहनांचा रस्ता दस्तुरी नाक्यापाशी संपतो, पावसाळ्यात नेरळची गाडी बंद होऊन केवळ अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते, आणि वादळी पावसात वीज व दूरसंचार खंडित होणे डोंगरावर नवलाचे नाही. जी व्यवस्था सतत इंटरनेट असल्याचे गृहीत धरते ती येथे ऐन गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरेल. गिट-अ‍ॅनेक्समध्ये मात्र साधी बाहेरची हार्ड डिस्कही एक पूर्ण भांडार असते : ती डोंगरावरच्या संगणकाला जोडावी, नव्या फाइली तिच्यावर प्रत करून घ्याव्यात, ती कर्जतला किंवा अलिबागला न्यावी, तेथील भांडाराशी जुळवावी आणि परत आणावी, एवढ्याने काम भागते. ही डिस्क ई-रिक्षाने गेली की पायी गेली याने साधनाला फरक पडत नाही; वाटेत ती हरवली तर ‘डेड’ या आज्ञेने तसे नोंदवता येते, म्हणजे तिच्यावरील प्रती यापुढे हिशेबात धरल्या जात नाहीत आणि कोणत्या फाइलींच्या प्रती आता कमी पडतात हे शोधून काढता येते. याशिवाय ‘एफएससीके’ ही आज्ञा ठरावीक काळाने दिली की ती प्रत्येक फाइलीचा मुद्रांक नव्याने काढून पाहते आणि बिघडलेली प्रत बाजूला काढते. दोष वेळीच कळल्यामुळे दुसऱ्या भांडारातून चांगली प्रत मागवता येते.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट मांडणे आवश्यक आहे. ते लिखित आज्ञांवर चालते आणि त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून निदान दोन कर्मचाऱ्यांचे नीट प्रशिक्षण आणि नित्य लागणाऱ्या आठ-दहा आज्ञांची मराठी टिपणी यांशिवाय त्याचा स्वीकार करू नये. ते लिनक्सवर सर्वाधिक विश्वासार्हपणे चालते. विंडोजवर काही सोयी उणावतात आणि जागाही अधिक लागते, त्यामुळे या कामापुरता एक स्वतंत्र लिनक्स संगणक असणे बरे. स्कॅन अस्पष्ट असेल किंवा फाइलीला चुकीचे नाव दिलेले असेल तर साधन ती चूकही तितक्याच निष्ठेने जपेल, म्हणून स्कॅन तपासण्याचे आणि नाव देण्याचे काम जाणत्या माणसाकडेच हवे. फाइलीचा आशय काढून टाकला तरी तिचे नाव गिटच्या इतिहासात उरते, यास्तव नावांमध्ये आधार क्रमांक किंवा अन्य खासगी तपशील घालता कामा नयेत, आणि परिषदेबाहेर ठेवायच्या संवेदनशील प्रती सांकेतिक रूपातच पाठवाव्यात. तशी सोय या साधनात आहे. शेवटी, मूळ कागदाचे कायदेशीर मूल्य स्कॅनला आपोआप येत नाही. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत काढण्यास या व्यवस्थेचा आधार कधीही घेतला जाऊ नये.

या सर्व विवेचनाच्या आधारे परिषदेने सर्वसाधारण सभेत एक ठराव करावा, अशी विनंती आहे. त्या ठरावाने प्रथम ‘अ’ वर्गातील अभिलेख, म्हणजे सभांची इतिवृत्ते, ठराव, नकाशे, मालमत्तांच्या जुन्या नोंदवह्या आणि परवान्यांच्या नोंदी, यांची सूची पूर्ण करण्याची मुदत ठरवावी. दुसरे म्हणजे, परिषदेचे कार्यालय, परिषदेचे करसनदास मुळजी वाचनालय, कर्जत येथील एखादे शासकीय कार्यालय आणि अलिबागचे जिल्हाधिकारी कार्यालय अशा चार ठिकाणी भांडारे ठेवण्याबाबत संबंधितांशी बोलणी करावीत, म्हणजे दोन प्रती डोंगरावर आणि दोन डोंगराखाली राहतील. तिसरे म्हणजे, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, सर्व भांडारांची पडताळणी करून तिचा अहवाल सभेपुढे ठेवणे बंधनकारक करावे. चौथे म्हणजे, जे अभिलेख सर्वांसाठी खुले आहेत त्यांच्या प्रती नागरिकांना व संशोधकांना स्वतःच्या भांडारात नेण्याची मुभा द्यावी, कारण अशी प्रत्येक प्रत गावाच्या स्मृतीचा आणखी एक राखणदार ठरते. हा प्रयोग एकदम मोठा करण्याची गरज नाही. केवळ सभांच्या इतिवृत्तांपासून आरंभ करून एक पावसाळा तो चालवून पाहिला तरी त्याचे गुणदोष परिषदेच्या अनुभवास येतील.

खर्चाच्या दृष्टीने पाहता चार डिस्क, एक साधा संगणक आणि दोन माणसांचे प्रशिक्षण एवढीच या व्यवस्थेची आरंभीची गरज आहे, आणि नगरपरिषदेच्या कोणत्याही बांधकामाच्या तुलनेत ती अल्प आहे. याउलट एखाद्या नकाशाची एकमेव प्रत गेली तर तो कोणत्याही निधीतून पुन्हा तयार करता येत नाही. माथेरानने आपल्या झाडांसाठी, आपल्या शांत लाल वाटांसाठी आणि आता आपल्या श्रमिकांच्या प्रतिष्ठेसाठी देशाचे लक्ष वेधले आहे. अभिलेखांच्या बाबतीतही या छोट्या नगरपरिषदेने पहिले पाऊल टाकले तर कर्जत, खोपोली आणि रायगडातील इतर नगरपरिषदांना चालण्याजोगी वाट मिळेल. येत्या मे महिन्यापूर्वी हा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा आणि त्यावर सदस्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून निर्णय करावा, ही कळकळीची विनंती आहे.

कळावे,
माथेरानच्या अभिलेखांविषयी आस्था बाळगणारा एक नागरिक